सतरा नंबरच्या करंजाचा बाप

९ जानेवारी

या संशोधन केंद्रात बोलण्यालायक एकही माणूस नाही, म्हणून ही वही.

बावीस वर्षं तेरच्या शिवारात झाडं मोजण्यात गेली. पुण्यातले माझे वर्गमित्र परदेशी परिषदांतले फोटो टाकत असतात. त्यांच्यातल्या निम्म्यांसमोर करंज आणि पळस शेजारी उभे केले तर त्यांना कोणता कोणता ते सांगता येणार नाही. असो. आता त्यांच्यावर माझा फोटो बघायची वेळ येणार आहे.

चाळीस करंजांचं बी, प्रत्येक झाडाची तीस रोपं. दोन महिने त्यांना मिठाचं पाणी दिलं. दर आठवड्याला थोडं जास्त खारट, शेवटी समुद्राच्या पाण्याच्या निम्मं. आज मोजणी केली. बहुतेक सगळी मेली. आधी पानाची कड करपते, मग पान गळतं, मग शेंडा काळा पडतो. मात्र सतरा नंबरच्या झाडाची तीसपैकी सोळा रोपं जिवंत आहेत, आणि जिवंत म्हणजे टवटवीत.

मला आश्चर्य वाटलं नाही. सतरा नंबर मीच निवडला होता. कालव्याचं पाणी बेसुमार पाजून इथल्या लोकांनी स्वतःच्या जमिनी चोपण करून घेतल्या. खालचं मीठ वर आलं. पाऊस पडला की ती माती साबणासारखी होते, वाळली की विटेसारखी. अशा एका पांढऱ्या पडलेल्या रानात, जिथे लव्हाळाही उगवत नाही, तिथे हा करंज चाळीस फूट उंच, हिरवागार उभा आहे. डोळे असलेल्या कुणालाही दिसेल. बावीस वर्षांत ते फक्त मला दिसलं.

पुढच्या वर्षी ३१ जानेवारीला मी निवृत्त होणार. त्याआधी या जिल्ह्याला माझ्या नावाचं झाड देऊन जाईन. जिल्ह्याची लायकी नसली तरी.

२२ जानेवारी

हर्षाली कावळे नावाची मुलगी नोव्हेंबरपासून माझ्या हाताखाली आहे. बंगळुरूहून जनुकशास्त्रात डॉक्टरेट. मूळ भूमकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. मीही भूमचाच, पण मी ते कुणाला सांगत नाही. ती सगळ्यांना सांगते.

आज मोजणीचा कागद घेऊन आली.

"सर, एकोणीस नंबरची चार रोपं जगली आहेत. एकविसाची तीन, सोळाची दोन. बाकी सगळ्या झाडांची शून्य."

"मग?"

"ही तिन्ही झाडं सतराच्या आसपासची आहेत. ओढ्याच्या त्याच बाजूची."

"पिशव्यांना भोकं पडली असतील, मीठ खाली गळून गेलं असेल. एवढं कळायला बंगळुरूला जावं लागत नाही."

ती 'हो सर' म्हणाली आणि कागद परत घेऊन गेली. संध्याकाळी पाहिलं तर नऊच्या नऊ पिशव्या फाडून माती तपासत बसली होती. भोकं नव्हती म्हणे. आजकाल पदव्या शिकवणीच्या जोरावर मिळतात. विचार करायला कुणी शिकवत नाही.

१४ फेब्रुवारी

सतरा नंबरच्या पानांचे नमुने घ्यायला गेलो. झाडाखाली बानूबाई शेरडं घेऊन बसलेली. म्हातारी सत्तरीची असेल, त्या रानाची मालकीण म्हणायची, पण पिकत काही नाही म्हणून शेरडं.

हर्षालीला माणूस दिसला की बसायची सवय आहे. बसली मातीत. म्हातारीने सुरू केलं, "ह्या झाडाखाली आड हाय, बाय. माज्या सासऱ्यानं बुजवला. तवा मी नवी नवरी व्हते. लई गोड पानी. एक म्हस पडली आत, म्हनून बुजवला."

"आड नक्की कुठं होता, आजी?"

"हितंच की. तू बसलीस तितं."

मी घड्याळ दाखवलं तरी हर्षाली म्हशीची सगळी कथा ऐकत राहिली आणि वहीत लिहून घेत राहिली. वैज्ञानिक नोंदवहीत बुडालेली म्हैस! परतताना जीपमध्ये मी म्हणालो, अशाच वेगाने गेलीस तर तुझा शोधनिबंध भजनी मंडळ छापेल. ती हसली नाही. माझी टोपी झाडाखाली राहिली होती, ती मात्र तिने आठवणीने आणली होती.

११ मार्च

आज केंद्रात शेतकरी मेळावा. संचालकांच्या आग्रहावरून घोषणा केली: 'श्रीनाथ-१७', क्षारपड जमिनीसाठी करंजाचं नवं वाण. गेल्या वर्षीच मी सतरा नंबरच्या बियांची अठराशे रोपं जास्तीची करून ठेवली होती. ती जूनमध्ये वाटायची. नाव माझं ठेवायची कल्पना संचालकांची. मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलंच नाही.

दोनशे माणसं होती. त्यातली दीडशे जेवायला आलेली. मी सोप्या भाषेत सांगितलं: मीठ सगळ्याच झाडांच्या मुळात शिरतं, पण काही झाडांच्या मुळांत असं एक दार असतं जे वर चढणाऱ्या रसातलं मीठ परत ओढून घेतं, पानापर्यंत जाऊ देत नाही. ते दार कसं असावं, किती असावीत, हे आईबापांकडून आलेल्या जनुकात लिहिलेलं असतं. माना डोलावल्या. भिंतीला सांगितलं असतं तरी एवढाच उजेड पडला असता.

मग मागून एक जण उठला. धोंडप्पा, ओढ्यापलीकडचा शेतकरी, देवणी वळू पाळणारा. दाढी वाढलेली, खांद्यावर घोंगडं.

"सायेब, एक इच्यारू का? कालवड घ्यायची म्हनलं की आमी आदी वळू बघतो. ह्या झाडाची आई तुमी बघितली. बाप कोन हाय?"

लोक हसले. मला वेळीच सुचलं. मी म्हणालो, "धोंडप्पा, झाडाचं लग्न लावायला तुम्हाला बोलावू. वळूही घेऊन या, वरातीला उपयोगी पडेल." सगळा मंडप हसला. त्याने घोंगडं खांद्यावर नीट घेतलं. मग न जेवता गेला.

हर्षाली माईकपाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर मला ओळखता न आलेला काहीतरी भाव होता. बहुधा ऊन लागलं असावं.

१२ मार्च

वर्तमानपत्रात बातमी आली. मथळा: 'मीठ खाणारे झाड तेरमध्ये'. माझं आडनाव नाईकवाडी; छापलंय नाईकवाडे. फोटोत मी आणि अर्धा संचालक.

३ एप्रिल

आज एक मूर्खपणा घडला आणि त्यात अर्धा दिवस गेला.

जिवंत सोळा रोपं, मेलेली चौदा आणि झाड सतरा, सगळ्यांच्या जनुकांचा अहवाल हर्षालीने आणला. सोळाच्या सोळा जिवंत रोपांत त्या मिठाच्या दाराच्या जनुकापुढचा एक तुकडा वेगळा आहे. त्यामुळे ते जनुक मुळात चौपट जोराने चालतं. मेलेल्या चौदांत तो तुकडा नाही. इथवर झकास. मी उठून खिडकीपाशी गेलो. बावीस वर्षांनी खिडकीबाहेरचं कुंपणसुद्धा चांगलं दिसत होतं.

मग ती म्हणाली, "सर, तो तुकडा सतरा नंबरच्या झाडात नाही."

"म्हणजे?"

"आईत नाही. दोन्ही प्रतींपैकी एकीतही नाही. रोपांत एकेकच प्रत आहे. ती परागातून आली आहे. म्हणजे बापाकडून. मधमाश्यांनी आणली असणार."

मी म्हणालो, तू नळ्यांची अदलाबदल केली आहेस. ती म्हणाली, तीनदा केलं आहे. मी म्हणालो, तीनदा चूक केली आहेस. तिने फक्त विचारलं, "परत करू का?" आणि मी म्हणालो, पानं मी स्वतः आणीन, शिक्का मी मारीन, कुणी हात लावायचा नाही.

मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात खुणा कानावर करतात. इथे नळीवर करायच्या असतात. असं मी तिला म्हणालो. आता वाचताना ते वाक्य बरं वाटत नाही, पण तिने एवढी ताठ मान ठेवायचं काही कारण नव्हतं.

२१ एप्रिल

स्वतः शिडीवर चढून पानं तोडली होती. चार दिशांच्या चार फांद्यांची. पाकिटावर माझी सही. निकाल आला. नाही. सतरा नंबरमध्ये तो तुकडा नाही.

हर्षालीने अहवालाचं पाकीट बंद करून माझ्या टेबलावर ठेवलं आणि गेली. संचालकांना प्रत पाठवली नाही. घाबरली असेल. अहवालावर पहिलं नाव माझं लिहिलंय, दुसरं तिचं. तिच्या जागी मी असतो तर उलटं केलं असतं.

पाकीट खणात ठेवून कुलूप लावलं.

एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. दार नसेल तर हे झाड मिठात जगतं कसं?

७ मे

कसं जगतं ते कळलं.

मी रजेवर असताना हर्षाली माती काढायचं लांब गिरमिट घेऊन गेली आणि सतरा नंबरच्या बुंध्यापासून सहा हातांवर पंधरा फूट खाली उतरली. वर पांढरं मीठ. दहा फुटांखाली वीट, दगड, गाळ. त्याच्याखाली पाणी. तिने बाटलीत भरून आणलं. मी यंत्रात टाकलं, दोनदा. नळाच्या पाण्याहून गोड.

तो आड आहे. म्हातारीचा आड. म्हैस पडली होती तो.

सतरा नंबरला मीठ सोसतच नाही. त्याला सोसायची कधी गरजच पडली नाही. चाळीस वर्षं मिठाच्या रानात उभा राहून तो खालून गोड पाणी पितो आहे, आणि मी त्याला माझं नाव दिलं.

मी हर्षालीला विचारलं, तू मला आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सर, आजींनी सांगितलं तेव्हा तुम्ही तिथंच होता."

९ मे

हर्षालीचं म्हणणं: अठराशे रोपांची पानं तपासू, दीड महिना लागेल. ज्यांत तो तुकडा आहे तेवढीच वाटू. अंदाजे निम्मी निघतील.

संचालकांकडे गेलो. ते म्हणाले, कार्यक्रम १५ जूनला ठरला आहे, पाहुणे ठरले आहेत. पुढे म्हणाले, "निम्मी जगतील ना? मग चांगलंच आहे. आणि नाईकवाडी, पावसाळ्यात मीठ खाली धुऊन जातं. सगळी रोपं हिरवी दिसतात. मरायची ती मार्चमध्ये मरतील." मग माझ्याकडे बघून हसले. "तुम्ही तर जानेवारीतच सुटताय."

या माणसाने आयुष्यात एक झाड लावलेलं नाही. मला त्याची किळस आली.

मी म्हणालो, ठीक आहे.

१५ जून

वाटप झालं. तेर, लोहारा, सगळीकडून लोक. अठराशे रोपं, त्रेचाळीस शेतकरी. शाल, नारळ. मी दहा मिनिटं बोललो. काय बोललो ते इथे लिहीत नाही.

रोपं देताना एक बाई पुढे आली. सास्तूरची कस्तुराबाई, पन्नाशीची, एकटीच आलेली. बावन्न रोपं मागितली. मी विचारलं, एवढी कुठे लावणार?

"बांधाला वेड्या बाभळी व्हत्या, सायेब. त्या समद्या काढल्या. जळन त्याचंच व्हतं, शेरडांना सावली त्याचीच. पन म्हनलं, पेपरात आलंय, आता चांगलं झाड लावावं. खड्डे म्या सोताच घेतलेत. जगतील न्हवं?"

मागे संचालक टाळ्या वाजवत होते. मी म्हणालो, "जगतील."

हर्षाली शेवटच्या रांगेत उभी होती. सगळे टाळ्या वाजवत होते, तिचे हात खाली होते.

१८ जून

ज्ञानेश्वरी, माझी बायको, शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिला सगळं सांगितलं. संचालक कसा नीच आहे, ती मुलगी कशी हट्टी आहे, लोक कसे काहीही विश्वासाने घेतात. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, "तुम्ही त्या बाईला काय सांगितलंत, ते परत सांगा."

मी पेपर उचलून बाहेर जाऊन बसलो.

२४ जून

हर्षालीने नकाशा काढला आहे. सोळा, सतरा, एकोणीस, एकवीस. ज्या झाडाची जास्त रोपं जगली तिथे जाड ठिपका. ठिपके ओढ्याकडे जाड होत जातात. जानेवारीत ती पिशव्या फाडत बसली होती तेव्हा हेच बघत होती. मी भोकं बघत होतो.

"बाप इथं कुठंतरी आहे," तिने ओढ्यापलीकडे बोट ठेवलं. "एवढं एकच रान आपल्या यादीत नाही."

रान धोंडप्पाचं.

गेलो. फाटकाला साखळी. तो आत गोठ्यापाशी वळू धूत होता. वळू प्रचंड, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. मी हाक मारली. त्याने बादली खाली ठेवली, फाटकापर्यंत आला.

"पोरगी येईल आत. तुमी न्हाय."

हर्षाली म्हणाली, "सरांशिवाय मी जात नाही." मी तिला खुणेने सांगितलं, जा, मूर्ख आहेस का. ती गेली नाही. आम्ही दोघं जीपमध्ये बसून परत आलो. या वयात एका वळूवाल्याने मला रस्त्यावर उभं केलं. आणि ती तिथे माझ्यासाठी का थांबली, ते मला अजून कळत नाही. काम झालं असतं की.

२७ जून

एसटीने गेलो. एकटाच. जीप नेली असती तर ड्रायव्हरने केंद्रभर सांगितलं असतं.

फाटक बंदच होतं. मी साखळीला हात लावला नाही. धोंडप्पा वळूच्या शिंगांना तेल लावत होता. त्याने मला पाहिलं आणि काम चालू ठेवलं. पाऊण तास. पाऊस भुरभुरत होता. मला वाटलं, निघून जावं. काय गरज आहे? जानेवारीत सुटतोय.

मग तो आला.

मी घरून वाक्यं तयार करून नेली होती. शास्त्रीय सहकार्य, शेतकऱ्यांचं हित, वगैरे. त्यातलं एकही आलं नाही. म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही विचारलेलं बरोबर होतं. बाप मी बघितला नव्हता. मला उत्तर येत नव्हतं, म्हणून हसवलं लोकांना."

त्याने तेलकट हात धोतराला पुसले.

"दोनशे मानसांत हसलात," तो म्हणाला. "आनि हितं एकटं येऊन सांगताय."

"तुम्ही म्हणाल तिथं सांगतो."

"मला कशाला? माज्या घरात काय बी मेलं न्हाय. ज्यास्नी रोपं दिलीत त्यास्नी सांगा." आणि साखळी काढली. "या आत. चिखल लई हाय, बूट काढा."

गोठ्याच्या मागे झाड होतं. झाड तरी काय म्हणायचं त्याला! वाकडं, माणसाच्या पोटाएवढ्या जाडीचं, शेंडा तोडलेला, एका बाजूला वळू अंग घासून घासून साल गुळगुळीत झालेली. खाली मिठाचा थर इतका जाड की गुरं चाटतात, म्हणूनच गोठा तिथे. फुलं येतात, पण दरवर्षी पाल्यासाठी ओरबाडतात म्हणून शेंग धरत नाही. शेंग नाही म्हणून आमच्या यादीत आलं नसतंच. बी देणारी झाडं तेवढी मी मोजत होतो.

"ह्ये बाप?" धोंडप्पाने विचारलं.

"असेल. तपासावं लागेल."

"तपासा की. आता तपासून बोला."

त्याने स्वतःच डहाळी वाकवून धरली. मी पानं तोडली. मग चहा दिला. मी नको म्हणालो नाही.

१६ जुलै

निकाल आला. धोंडप्पाच्या झाडात तो तुकडा दोन्ही प्रतींत आहे. म्हणजे त्याच्या मुळ्यांवर जे फुटवे येतात त्यांतून हवी तितकी झाडं करता येतील आणि मिठाचं दार प्रत्येकात असेल. जिथे जिथे त्याचा पराग पोचला ते रोप वाचलं, जिथे नाही पोचला ते गेलं. सगळं बसतं. एवढं स्वच्छ उत्तर मी आयुष्यात पाहिलं नव्हतं आणि त्यात माझं काही नाही.

हर्षालीने मसुदा लिहिला आहे. परत पहिलं नाव माझं. मी खोडलं आणि तिचं वर लिहिलं. ती म्हणाली, सर, झाडं तर तुम्ही बावीस वर्षं मोजली. मी म्हणालो, अक्षर सुधार आधी, बंगळुरूत हे कुणी सांगितलं नाही का.

'श्रीनाथ-१७' मागे घेत असल्याचं पत्र संचालकांना दिलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "कुणाच्या सांगण्यावरून?" मी म्हणालो, वळूवाल्याच्या. त्यांना ती थट्टा वाटली. पत्राची प्रत मी त्याच वर्तमानपत्राला पाठवली. छापणार नाहीत.

त्रेचाळीस शेतकऱ्यांची यादी घेतली. प्रत्येकाच्या रानात जाऊन प्रत्येक रोपाचं एक पान आणायचं, रोपाला नंबर बांधायचा. हर्षाली तपासणार. कुठली तगणार, कुठली नाही, ते मार्चआधी सांगता येईल; नाहीत त्यांच्या जागी धोंडप्पाच्या झाडाचे फुटवे.

२ ऑगस्ट

एकोणतीस रानं झाली. लोकांनी काय काय म्हटलं ते सगळं लिहीत नाही. एकाने कुत्रं सोडलं. एकाने जेवू घातलं आणि जेवताना एक शब्द बोलला नाही. ते कुत्र्यापेक्षा वाईट होतं. एक जण म्हणाला, शहरातले साहेब असेच, आणि मी त्याला सांगितलं की मी भूमचा आहे. तो म्हणाला, मग तर लाजच वाटायला पाहिजे. बरोबर आहे.

आज सास्तूर. कस्तुराबाईचं रान गावापासून दूर, चालत गेलो. बांध उघडाबोडका, बाभळी काढलेल्या जागी बावन्न रोपं ओळीत, प्रत्येकाभोवती दगडांचं आळं. सगळी हिरवी. संचालक म्हणाले होते तशीच. एकही मेलेलं नाही. बघून मला वाटलं, कोण म्हणेल यातली निम्मी जातील? एसटी परत तीन वाजता होती. मी बोललो नसतो तर तिला मार्चपर्यंत काही कळलं नसतं, आणि मार्चमध्ये मी कुठे असतो.

ती निंदत होती. उठून आली, पदराने तोंड पुसलं.

"बघा सायेब, एक बी मेलं न्हाय!"

मी सांगितलं. उभ्यानेच. झाडाच्या आईचं, आडाचं, बापाचं. मार्चचं. आणि १५ जूनला तिने विचारलं तेव्हा मला ठाऊक होतं, हेही. ते शेवटचं सांगायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तिने आधी रोपांकडे पाहिलं, मग उघड्या बांधाकडे. शेरडं उसाच्या पाचटाच्या गंजीच्या तुकड्याभर सावलीत दाटीने उभी होती.

"तवाच सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "बाभळी तरी ऱ्हायल्या असत्या."

"हो."

"जळनाला आता लांब जावं लागतं मला. कोस दीड कोस."

"हो."

मी पिशवीतून पाकिटं काढली, दोरा, नंबरच्या चिठ्ठ्या. सांगितलं, प्रत्येकाचं एक पान लागेल. मी पहिल्या रोपापाशी गुडघे टेकले. चिकट माती. सातव्या-आठव्या रोपाशी पाहिलं तर ती शेजारी येऊन बसली होती, आणि माझ्या हातातून दोरा घेऊन गाठी मारायला लागली. माझ्यापेक्षा चांगल्या गाठी. मी पान तोडायचं, आकडा म्हणायचा, तिने चिठ्ठी बांधायची.

तिसाव्या रोपाशी तिने विचारलं, "कळलं की कुटली मरनार, तवा ती उपटून टाकू का? उगं पानी कशाला घालायचं?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. जनुकात नाही म्हणजे नाही, उपटा. बावीस वर्षं मी असंच बोललो.

"उपटू नका," मी म्हणालो. "पाणी घाला. माझं चुकत असेल."

तिने मान वर केली नाही. गाठ घट्ट केली, दाताने दोरा तोडला आणि पुढच्या रोपाकडे सरकली.

"म्हना," ती म्हणाली. "एकतीस."